खालचं बिऱ्हाड

१

चार नंबरच्या बोअरने त्या दुपारी श्वास सोडला नाही. पहिल्यांदा खटकलं ते एवढंच.

भरती चढत असताना लिंदीच्या किनाऱ्यालगतचे बोअर श्वास सोडतात, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. जमीन सगळी प्रवाळाची, आतून पोखरलेली. समुद्र पुढे सरकला की जमिनीखालचं पाणी वर चढतं आणि पाइपातली हवा बुचाला ढकलायला लागते. बूच सैल केलं की फुस्स. ओहोटी असेल तेव्हा उलट, आतून कुणी ओढून धरल्यासारखं बूच घट्ट बसतं आणि दोन्ही हातांनी पिळावं लागतं. सुबिराला हे सगळं मोरोगोरोच्या कॉलेजात शिकवलेलं होतं. तरी नोकरीच्या पहिल्याच दिवशी दोन नंबरचं बूच हनुवटीला चाटून वर उडालं, तेव्हा ती अशी किंचाळली की डेपोच्या भिंतीवरचे कावळे उडाले आणि फाटकापाशी बजाजीत डुलक्या घेणारा कोंबो अनवाणी धावत आला.

"साप?"

"बूच," ती म्हणाली.

कोंबोकाकाची ती तीनचाकी बजाजी सुबिराच्या कंपनीने महिन्याच्या बोलीवर लावलेली होती. बर्फाची पेटी, बाटल्या, मोजफीत आणि सुबिरा एवढं सामान इकडून तिकडे न्यायचं, हे त्याचं काम. त्याने पाइपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "चूक तुझी आहे, ताई. कुणाचं दार असं सरळ उघडतात का? आधी होदी म्हणावं."

दारात उभं राहून होदी म्हणायचं. आतून कुणी करीबू म्हटलं की उंबरा ओलांडायचा. तीनदा होदी म्हणूनही आतून आवाज आला नाही, तर निमूट परत फिरायचं. लिंदीत शेंबड्या पोरालासुद्धा हे शिकवावं लागत नाही. तेव्हापासून सुबिरा प्रत्येक बोअरवर वाकून आधी "होदी" म्हणायची आणि मगच बुचाला हात घालायची. सुरुवातीला ती थट्टा होती. पुढे सवय झाली, आणि एखाद्या दिवशी म्हणायचं राहिलं तर तिला चुटपूट लागायची.

त्या दुपारी एक, दोन आणि तीन नंबरने रीतसर फुस्स केलं. चारवर ती गुडघे टेकून बसली, होदी म्हणाली, बूच सैल केलं. काही नाही. रबर कुठे फाटलंय का म्हणून तिने कडेने बोट फिरवलं. रबर नवं होतं. बूच पूर्ण काढून तिने पाइपाच्या तोंडाशी कान नेला. आत शांतता होती, पण रिकाम्या जागेची नव्हे. आपण दारात येताच आतली माणसं बोलता बोलता गप्प व्हावीत, तशी.

मग खालून आवाज आला. टक. टक. टक.

घाई नव्हती त्यात, जोरही नव्हता. बोटाच्या पेराने सभ्यपणे दार वाजवावं आणि थांबावं, तसं.

आणि सुबिराच्या तोंडून, डोक्याला पत्ता लागायच्या आत, निघून गेलं, "करीबू, करीबू!" दचकली की ती दोनदाच म्हणायची, एकाला एक जोडून, आणि शेवटी जीभ अडखळून एक अर्धवट हसू सुटायचं. तेही सुटलं.

"कुणाला बोलावतेस गं?" कोंबो लांबून ओरडला. "तू होदी म्हणायचं, त्यांनी करीबू म्हणायचं. दोन्ही तूच म्हणायला लागलीस तर खालच्यांनी करायचं काय?"

२

"खडा असेल," सुबिरा म्हणाली. "पाणी वर आलं की प्रवाळाचे तुकडे सुटतात."

"खेकडा," कोंबो म्हणाला.

"एकसारखं तीनदा ठोकणारा खेकडा?"

"शिकलेला असेल. मोरोगोरोचा."

तिला हसू आलं आणि बरं वाटलं. तिने मोजफीत आत सोडली. फितीच्या टोकाला पेन्सिलीएवढा धातूचा तुकडा असतो. तो पाण्याला लागला की रीळ तुटक तुटक वाजतं. पाण्यावर डिझेलचा थर तरंगत असेल तर तुटक वाजत नाही, एकच लांब सूर लागतो आणि फीत वर ओढेपर्यंत थांबत नाही. तो लांब सूर सुबिराने नोकरीच्या सुरुवातीला दोन नंबरवर ऐकला होता. अजून कधी कधी कुणाच्या कुकरची शिट्टी लांबली तरी ती हातातलं काम टाकून उठायची.

आज तसं काही नव्हतं. तुटक, स्वच्छ बीप. फक्त ते लवकर वाजलं. बाजूच्या तिन्ही बोअरपेक्षा इथे पाणी चांगलं हातभर वर होतं. तिने पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

नमुन्याची नळी दोरीने सोडून तिने पाणी वर काढलं. काचेसारखं होतं. हुंगलं तर डिझेलचा मागमूस नाही. वास होता तो वेगळाच. बरेच दिवस बंद असलेली खोली उघडल्यावर येतो तसा, ओल्या भिंतीचा, घडी घालून ठेवलेल्या चटयांचा.

डिझेल नाही, हेच महत्त्वाचं होतं. कारण ही शेवटची खेप होती.

एका बस कंपनीचा हा डेपो. कंपनी कधीच बुडाली. तिच्या डिझेलच्या तीन टाक्या जमिनीखाली कित्येक वर्षं गळत राहिल्या आणि कुणाला कळलं नाही. गळलेलं सगळं खरं तर उताराने समुद्राकडे जायचं. पण डेपोच्या मागच्या भिंतीपलीकडे गल्ली होती आणि गल्लीत बी किदावाच्या, म्हणजे किदावाबाईच्या, अंगणात विहीर होती. अख्खी गल्ली त्या विहिरीवर पाणी भरायची. बाया पहाटेपासून उपसत राहिल्या आणि जमिनीखालचं पाणी वाट बदलून तिकडे ओढलं गेलं, डिझेलसकट. एका सकाळी गल्लीत सगळ्यांच्या भाताला रॉकेलच्या दिव्यासारखी चव आली. विहिरीवर सिमेंटची लादी बसली. टाक्या उपसून नेल्या, खड्डे वाळूने भरले आणि समुद्रापासून भिंतीपर्यंत ओळीने सहा बोअर पाडले. एक नंबर समुद्राजवळ, सहा नंबर भिंतीला लागून. दर तीन महिन्यांनी मोजायचं. लागोपाठ चार वेळा पाणी स्वच्छ निघालं की लादी फुटणार आणि विहीर उघडणार होती.

तीन वेळा स्वच्छ निघालं होतं. ही चौथी. अहवालाखाली सही सुबिराची. पाणी पिणारी गल्लीतली पोरं. आणि ज्या बी किदावाची ती विहीर, तिच्याच घरात सुबिरा एका खोलीत भाड्याने राहायची. अशा बाबतीत सुबिराचं मन कसं चालायचं ते सांगायला नको. दाराची कडी लावली की नाही हे पाहायला अर्ध्या गल्लीतून परत फिरणारी पोर ती.

३

"होदी!"

"कोण?"

"मी, सुबिरा."

"मी आणि सुबिरा, दोघी आल्या वाटतं. करीबू, लेकी. चपला बाहेर."

रोज हेच. दाराला कांग्याचा, बाया अंगाभोवती गुंडाळतात त्या छापील कापडाचा, पातळ पडदा, त्यातून बी किदावाला ती स्पष्ट दिसायची. तरी कोण म्हणून विचारल्याशिवाय ती बाई करीबू म्हणायची नाही. सुबिराने एकदा विचारलं होतं. "घर माझं," ती म्हणाली होती. "विचारणार मी."

बी किदावा पन्नाशीची, आडव्या बांध्याची, आवाज बाजारभर पोचेल असा. नवरा बोटीवर गेला तो परत आला नव्हता. ती सकाळी नारळाच्या दुधातले वितुंबुआ तळून विकायची, आपल्या तांदळाच्या गोड घावनांचे चुलत भाऊ म्हणावेत तसे गोल, फुगीर. विकतच्या पाण्यात भिजवलेले तांदूळ नीट आंबत नाहीत, अशी तिची गेल्या कित्येक वर्षांची तक्रार होती.

"काय म्हणालं तुझं यंत्र?"

"चांगलं म्हणालं. पण प्रयोगशाळेचं उत्तर यायचंय."

"प्रयोगशाळेने माझे वितुंबुआ खाल्लेत का कधी? माझ्या विहिरीच्या पाण्यातले खा म्हणावं, मग कळेल." तिने चहात आलं ठेचून टाकलं. अंगणात, विहिरीच्या लादीवर, तिच्या तुळशीसारख्या रिहानीच्या कुंड्या गोलाकार मांडलेल्या होत्या. "गवंड्याला सांगून ठेवलंय मी. तू हो म्हणालीस की लादी फोडायची."

सुबिराने चहा घेता घेता दुपारची गोष्ट सांगितली. विनोद म्हणूनच सांगितली. खेकडा मोरोगोरोला शिकला इथपर्यंत बी किदावा पोट धरून हसली. मग तिने नक्कल केली, "करीबू, करीबू, हिः!" हुबेहूब. सुबिरा लाजली.

"आणि कोण म्हणून नाही विचारलंस?"

"खेकड्याला?"

"कुणालाही," बी किदावा म्हणाली आणि तिच्या कपात आणखी साखर घातली. आवाजात राग नव्हता, काळजी नव्हती. पण त्यानंतर ती हसली नाही.

४

दारेसलामच्या कचेरीतून तिच्या वरिष्ठांचा, शेमवेटासाहेबांचा फोन आला. चार नंबरचा आकडा त्यांना जुळत नव्हता. "मोजण्यात चूक असेल. एकदा परत बघून घे, बाळ. आपल्याला हे प्रकरण आता बंद करायचंय."

पुढच्या आठवड्यात ती परत गेली. चार नंबरने व्यवस्थित श्वास सोडला. पाणी बाजूच्यांच्या पातळीला आलं होतं. ठोकल्याचा आवाज नाही, बंद खोलीचा वास नाही. सुबिराचा जीव भांड्यात पडला. खडा होता, सुटला, बसला खाली जाऊन. कोंबोला सांगायला ती वळली आणि सहज, आलोच आहोत तर, म्हणून पाच नंबरवर वाकली.

पाच नंबरने श्वास सोडला नाही.

भरती चढतच होती. चार आणि पाचमध्ये फार तर दोन बसगाड्या उभ्या राहतील एवढं अंतर. तिने फीत सोडली. हातभर वर. नमुना काढला. तोच वास. आणि पाइप, जो सावलीत असल्याने गार असायला हवा, तो हाताला कोमट लागला. एखाद्या भिंतीला बराच वेळ कुणी पाठ टेकून बसलेलं असावं आणि नुकतंच उठून गेलेलं असावं, तसा.

"कोंबोकाका, इकडे या जरा."

तो आला, पाइपाला हात लावला, बराच वेळ ठेवला. "ऊन," तो म्हणाला. मग वर आंब्याच्या झाडाकडे पाहिलं, आणि बर्फाची पेटी उचलून बजाजीकडे निघाला. त्या दिवशी त्याने वाटेत एकही कोटी केली नाही.

तिने साहेबांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हे बघ, पाणी आपोआप समुद्राकडून घराकडे चालत येत नाही. कुणीतरी तिकडून ओढतंय. तुझ्या घरमालकिणीने गुपचूप पंप बसवलाय का बघ. सहा नंबर मोजलास?"

सहा नंबर मोजला नव्हता. ती परत गेली. सहा नंबरचं लोखंडी झाकण कुलूपबंद होतं, कुलूप तिचंच, किल्ली तिच्याच गळ्यात. झाकण उघडलं तर आतलं रबरी बूच पाइपावर नव्हतं. ते शेजारी नीट उभं ठेवलेलं होतं, जसं एखादा शहाणा माणूस बाटलीचं झाकण काढून बाजूला ठेवतो तसं.

हवेच्या दाबाने उडालं असणार. उडून आत पडलं आणि योगायोगाने सरळ पडलं. सुबिराने हे स्वतःला मोठ्याने सांगितलं. मग बूच परत बसवलं, पिळता येईल तेवढं पिळलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मुद्दाम एका बोअरला होदी न म्हणता उठली.

५

"पंप?" बी किदावाने तळणीतला झारा तसाच वर धरला. "माझ्या घरात राहतेस, माझ्या हातचं खातेस, आणि मी चोरून पाणी उपसते म्हणतेस?"

"मी नाही म्हणत, बी. साहेब म्हणतात."

"साहेबाला म्हणावं, ये आणि बघ. तू पण ये. ऊठ."

तिने एकेक कुंडी उचलून भिंतीशी ठेवली. लादीच्या कडेचं सिमेंट जसंच्या तसं होतं, बसवताना कुणा पोराने उमटवलेल्या बोटांसकट. कुठेही फट नाही, नळीला जागा नाही. फक्त लादी ओली होती. मधोमध, ताटाएवढा ओला डाग.

"हे केव्हापासून?"

"झाडांना पाणी घालते ना मी."

"कुंडीखाली नाही हा डाग. मधे आहे."

बी किदावाने डागावर तळवा ठेवला आणि लगेच उचलला. कांग्याला हात पुसला. "उकडतं आहे हल्ली," ती म्हणाली. "सगळंच घामेजतं."

सुबिरा खाली बसली, लादीला कान लावला. बराच वेळ काही नाही. मग खूप खोलवर पाण्याचा आवाज आला. दोर सोडत बादली पाण्याला टेकावी, कलंडावी, भरावी, असा. फक्त बादली वर जात नव्हती. उपसणारा खालीच होता.

ती उठली. तिने ओढणीने कान पुसला.

"बी, एक विचारू? दारावर कुणी येतं का हल्ली? दुपारचं?"

बी किदावा कुंड्या परत मांडत होती. पाठमोरीच म्हणाली, "गल्लीतली पोरं. ठक ठक ठक करतात आणि पळतात. मी विचारते, कोण? बोलतच नाहीत. मग बसा म्हटलं बाहेर." तिने शेवटची कुंडी ठेवली. "मी काही तुझ्यासारखी नाही. करीबू, करीबू, हिः."

सुबिराला वाटलं, सांगावं. पण सांगायचं काय? मी एका पाइपाला आत ये म्हटलं, आणि ते येतंय? दर बोअरला एकेक पाऊल? तिच्यापाशी आकडे होते आणि प्रत्येक आकड्याला कारण होतं. भरती, ऊन, दाब, ओल. पोरं. सगळी कारणं वेगवेगळी धरली तर पुरेशी होती. एकत्र धरली की ती ओळीने उभी राहायची आणि ओळीचं तोंड या अंगणाकडे असायचं.

"विहीर एवढ्यात उघडू नका," ती एवढंच म्हणाली.

"का?"

"मला... नीट वाटत नाहीये."

बी किदावाने तिच्याकडे पाहिलं. नेहमीचा टोमणा आला नाही. "लेकी," ती हळू आवाजात म्हणाली, "तुला तर कडी लावलेलं दारही नीट वाटत नाही. मी किती वर्षं थांबू?"

६

प्रयोगशाळेचं उत्तर आलं. सगळे नमुने स्वच्छ. पिण्यालायक.

शेमवेटासाहेब फोनवर खुशीत होते. "तुझं नाव वर कळवलंय मी. डेपोवर जाऊन शेवटचं मोजमाप घे आणि बोअरना कायमची बुचं ठोक. सिमेंटवाला उद्या येईल. आणि हो, गल्लीच्या अध्यक्षांना मी सकाळीच कळवून टाकलं. बिचारे लोक वाट पाहत होते."

"काय कळवलंत?"

"विहीर उघडा म्हणून. आणखी काय?"

तेव्हा दुपार झाली होती आणि सुबिरा डेपोतच उभी होती. समुद्रावरून छान वारा येत होता. तिने आधी फीत काढली, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. गेल्या खेपेनंतर बोअरपाशी होदी तिच्या तोंडून निघालं नव्हतं. एक नंबर, ठीक. दोन, तीन, ठीक. चार नंबरमध्ये फीत खाली गेली, जात राहिली, तळाला टेकली. बीप वाजलं नाही. भरतीच्या भर दुपारी चार नंबर कोरडा होता.

पाच कोरडा होता.

सहा नंबरचं बूच तिने पिळलं ते अलगद हातात आलं. ती वाकली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा, अगदी हळू, म्हणाली, "होदी?"

पाइपात बोललं की आपलाच आवाज गोल होऊन परत येतो. आज आला नाही. आत काहीच नव्हतं, ती गप्प बसलेली शांतताही नव्हती. भाडेकरू सामानसुमान घेऊन निघून गेल्यावर खोली जशी लागते, भिंतींवर फक्त खिळे उरलेली, तशी लागत होती. खालचं बिऱ्हाड हललं होतं.

"कोंबोकाका," ती म्हणाली. आवाज तिला वाटलं त्यापेक्षा शांत निघाला. "घरी चला. लगेच."

कोंबोने पेटी उचललीच नाही. बाटल्या, फीत सगळं तिथेच टाकून त्याने बजाजी सुरू केली.

वाटेत तिने बी किदावाला फोन लावला. घंटा वाजत राहिली. परत लावला. वाजत राहिली. तिसऱ्यांदा लावत असताना बजाजी गल्लीच्या तोंडाशी पोचली. गल्ली अरुंद, आत चाक शिरत नाही.

"मी येऊ?" कोंबोने विचारलं. त्याचे दोन्ही हात हँडलवर होते आणि तो सोडत नव्हता.

"गाडी चालूच ठेवा," सुबिरा म्हणाली आणि आत निघाली.

७

गल्ली दुपारची असते तशीच होती. बाया आत आडव्या झालेल्या, एका ओट्यावर मांजर, कुठेतरी रेडिओवर बारीक आवाजात गाणं. बी किदावाच्या ओट्यावर गवंड्याची थापी आणि घण ठेवलेला होता. जेवायला गेला असावा. काम झालेलं दिसत होतं.

दार उघडं होतं. कांग्याचा पडदा सोडलेला.

बाजूच्या बोळातून अंगण दिसायचं. सुबिराने मान वळवून पाहिलं. लादीचे तुकडे एका बाजूला रचलेले. रिहानीच्या कुंड्या भिंतीशी, एका ओळीत. विहिरीच्या कट्ट्यावर बादली, काठोकाठ भरलेली, पाणी काचेसारखं. आणि विहिरीपासून मागच्या दारापर्यंत फरशीवर ओला पट्टा. पावलं नव्हती त्यात. चिंब भिजलेली चटई कुणी ओढत नेली तर उमटेल तसा, रुंद, अखंड, आणि उन्हात असूनही न वाळलेला.

मागच्या दारापाशी चपला काढलेल्या होत्या. बी किदावाच्या, निळ्या. तेवढ्याच. जे कोण आत गेलं होतं त्याने काही काढून ठेवलेलं नव्हतं.

सुबिराने फोन पुन्हा लावला. आतून, पडद्यामागून, अगदी जवळून घंटा वाजली. वाजत राहिली. मग थांबली.

"होदी," ती म्हणाली.

कोण म्हणून कुणी विचारलं नाही. पडदा हळूच आत ओढला गेला, दाराच्या चौकटीला चिकटला, आणि तसाच राहिला. दुपारचा वारा समुद्रावरून येत होता, तिच्या पाठीवर. त्याने पडदा आत जायला हवाच होता. हेही कारण होतं, आणि पुरेसं होतं.

"होदी! बी, मी आहे, सुबिरा!"

पडदा बाहेर आला. तिच्या दिशेने, वाऱ्याच्या विरुद्ध, मधोमध फुगून, आणि फुगलेलाच राहिला. कापडाची खालची किनार काळपट ओली होती आणि ती ओल वर चढत होती. कापड जिथे फुगलं होतं तिथे त्याने आकार घेतला. खांद्यांची उंची साधारण सुबिराएवढी. मानही तिच्यासारखीच एका बाजूला किंचित कललेली, जशी ती कान देऊन ऐकताना कलायची.

परत फिरावं. आणखी एक हाक, आणि उत्तर नाही आलं तर परत फिरावं. रीतच होती ती, आणि या वेळी त्या रीतीचे तिला पाय धरावेसे वाटले. गल्लीच्या तोंडाशी कोंबोची बजाजी गुरगुरत होती. पण आत बी किदावा होती, जिने आयुष्यात कुणाला विचारल्याशिवाय आत घेतलं नव्हतं. आत घ्यायचं की नाही हे या वेळी तिला कुणी विचारलंच नव्हतं, कारण बोलावणं आधीच देऊन झालं होतं.

"होदी!"

काही नाही. रेडिओवरचं गाणं संपलं. मांजर ओट्यावरून उठलं, पडद्याकडे पाहिलं, आणि भिंतीवरून पलीकडे गेलं.

तीन झाल्या. सुबिराने चपला काढल्या. उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवल्या, बी किदावाला आवडायच्या तशा. पायाखालची पायरी ओली आणि कोमट लागली. तिने श्वास घेतला आणि चौथ्यांदा हाक मारली. चौथ्यांदा कुणी मारत नाही.

"होदी?"

पडद्यामागून उत्तर आलं. लगेच आलं, उत्साहाने आलं, वाट पाहून कंटाळलेल्या माणसासारखं. आवाज थोडा गोल होता, पाइपातून यावा तसा. पण ओळखू न येण्यासारखा नव्हता. तो तिचाच होता.

"करीबू, करीबू!" आणि शेवटी, जीभ अडखळून सुटलेलं, ते अर्धवट हसू.